मज्जासंस्थेची तपासणी

रबरी हातोडी, नादकाटा, बॅटरी आणि कापसाचा बोळा एवढ्या साहित्यावर होणारी ही तपासणी आहे. बिघाड कशाचा, हा प्रश्न नंतरचा. आधी तो कुठे आहे हे ठरवायचे असते. मेंदूच्या प्रत्येक भागाकडे वेगळे काम असल्यामुळे हे जमते.

याचा ठळक पुरावा १८६१ साली पॅरिसमध्ये मिळाला. ‘टॅन’ याखेरीज जवळजवळ काहीच बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या मृत्यूनंतर शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या फ्रंटल लोबमध्ये, म्हणजे कपाळामागच्या भागात, इजा आढळली. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार वर्णिला: रुग्ण घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला उमगत नाही. म्हणून रुग्णाला नुसते बोलते करणे हीसुद्धा तपासणीच असते.

तोंड वाकडे झालेल्या रुग्णाला डॉक्टर भुवया उंचवायला सांगतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळते. त्यामुळे पक्षाघातात ओठाचा कोपरा लोंबतो, तरी कपाळावर आठ्या पडतात. चेहऱ्याची नसच दुखावली असेल, तर त्या बाजूचे कपाळ सपाट राहते आणि डोळाही नीट मिटत नाही.

तळव्याच्या बाहेरच्या कडेवरून, टाचेकडून बोटांकडे बोथट टोक ओढले की प्रौढ माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून मेरुरज्जूत उतरणारा हालचालींचा मार्ग दुखावला असेल, तर तो वर उचलला जातो. जोझेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये नोंदवलेली ही खूण तान्ह्या बाळात मात्र स्वाभाविक असते, कारण तो मार्ग अजून पक्का झालेला नसतो.

स्नायूंच्या ताकदीला ० (हालचालच नाही) ते ५ (पूर्ण ताकद) अशी श्रेणी देतात. त्यातली ४ फारच सैल. किंचित अशक्तपणा आणि बराच अशक्तपणा दोन्ही तिच्यात बसतात.

हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या लहान मेंदूच्या तपासणीसाठी रुग्णाला आपल्या नाकाच्या शेंड्याला आणि मग डॉक्टरांच्या बोटाला आळीपाळीने बोट लावायला सांगतात. बिघाड असेल तर लक्ष्य जवळ येताच हात अधिक थरथरतो. मोठ्या मेंदूतल्या इजेचा परिणाम शरीराच्या विरुद्ध बाजूला दिसतो, लहान मेंदूचा त्याच बाजूला. शिकाऊ डॉक्टर इथे हमखास अडखळतात.

मेंदूच्या उजव्या पराइटल लोबला (फ्रंटल लोबच्या मागच्या, वरच्या भागाला) इजा झालेल्या रुग्णाला घड्याळ काढायला सांगितले, तर तो कधी बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने लिहितो. डावी बाजू कोरीच राहते, आणि घड्याळ पूर्ण झाले असे तो खात्रीने सांगतो.