साधन इमेजमध्ये, ओळख बाहेर: कंटेनरमधील लॉगिनची पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या कंटेनरमध्ये (म्हणजे सर्व्हरवर प्रोग्राम इतरांपासून वेगळा चालवण्याच्या बंदिस्त जागेत) गिटहब सीएलआयसारखे (कोड ठेवण्याची सेवा असलेल्या गिटहबला आज्ञा देणारे) कमांड लाइन साधन बसवणे म्हणजे डॉकरफाइलमध्ये, म्हणजे कंटेनरचा साचा असलेली इमेज बांधण्याच्या सूचनांच्या फाइलीत, एखाद-दुसरी ओळ वाढवणे, असे प्रथमदर्शनी वाटते. खरी अडचण पुढे आहे. ते साधन चालवणारी व्यक्ती कोण, हे दूरच्या सर्व्हरला पटवून द्यावे लागते, आणि तेही विद्यार्थ्याच्या मालकीच्या नसलेल्या, काम संपताच पुसल्या जाणाऱ्या यंत्रावरून.

हा प्रश्न कंटेनरपेक्षा बराच जुना आहे. एमआयटीमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पात विद्यार्थ्याने कोणत्याही वर्कस्टेशनवर बसावे आणि त्याला आपल्या फाइली मिळाव्यात, अशी कल्पना होती. मात्र ते वर्कस्टेशन कोणाच्याही हाती पडू शकत असल्याने त्यावर विश्वास टाकणे शक्य नव्हते. त्यातून कर्बेरॉस ही पद्धत जन्माला आली. पासवर्ड नेटवर्कवरून पाठवायचाच नाही, त्याऐवजी काही तासांनी आपोआप बाद होणारे तिकीट द्यायचे, हे तिचे सूत्र. पुढची सगळी वाटचाल याच सूत्राच्या आधारे समजून घ्यावी, असे मला वाटते.

कंटेनरची वंशावळ १९७९च्या सीएचरूटपर्यंत, म्हणजे प्रोग्रामला ठरावीक फोल्डरबाहेर पाहू न देणाऱ्या युनिक्सच्या सोयीपर्यंत, मागे नेता येते. २००० साली फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोग्रामना वेगळे कोंडणारे जेल आले, २००८ साली लिनक्स कर्नलमध्ये प्रोग्रामच्या साधनसंपत्तीवर मर्यादा घालणारे सीग्रुप्स आले आणि मार्च २०१३ मध्ये कंटेनर बांधणारे व चालवणारे डॉकर लोकांसमोर आले. दरम्यान २०११ साली ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवता येणारे आयपायथन नोटबुक आले होते आणि त्यातूनच २०१४ साली ज्युपिटर प्रकल्प वेगळा झाला. ज्युपिटर अनेकांना एकाच ठिकाणाहून देणाऱ्या ज्युपिटरहबमुळे (पुढे नुसते ‘हब’) वर्गातील प्रत्येकाला ब्राउझरमधून स्वतंत्र कंटेनर देणे शक्य झाले. मात्र हबमध्ये केलेले लॉगिन हबपुरतेच असते. कोड जिथे ठेवायचा त्या सेवेला त्याची काहीच खबर नसते, त्यामुळे टर्मिनलमध्ये पुन्हा ओळख द्यावी लागते.

सुरुवातीला ही ओळख पासवर्डनेच दिली जाई. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) कामांसाठी पासवर्ड स्वीकारणे बंद केले आणि वर्गांमध्ये टोकनांची, म्हणजे पासवर्डऐवजी चालणाऱ्या लांबलचक अक्षरमालांची, नकल-डकव सुरू झाली. यातली सर्वांत घातक चूक मात्र विद्यार्थ्यांच्या नव्हे, इमेज तयार करणाऱ्याच्या हातून होते. सर्वांची सोय व्हावी म्हणून एक सामाईक टोकन डॉकरफाइलमध्ये लिहिले जाते आणि पुढच्या ओळीत ती फाइल पुसून टाकली जाते. इमेज थरांची बनलेली असते. वरच्या थरात पुसलेली फाइल खालच्या थरात जशीच्या तशी राहते आणि ती इमेज उतरवून घेणाऱ्या कोणालाही बाहेर काढता येते. २०१८च्या अखेरीस डॉकरमध्ये बिल्ड चालू असेपर्यंतच गुपित उपलब्ध करून देण्याची सोय आली, पण तिचा उपयोग इमेज बांधण्यापुरता आहे. विद्यार्थ्याची ओळख तर इमेज बांधून झाल्यावर येते.

तिथे ब्राउझरद्वारे लॉगिनचा नेहमीचा मार्गही अडतो. पासवर्ड न सांगता एखाद्या साधनाला आपल्या खात्यात प्रवेश देण्याचे ओऑथ २.० हे मानक २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यावर आधारलेली कमांड लाइन साधने सहसा आपल्याच यंत्रावर तात्पुरते पोर्ट (नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीसाठीचे दार) उघडतात आणि ब्राउझरचे उत्तर १२७.०.०.१ या, प्रत्येक यंत्रासाठी ‘मी स्वतः’ असा अर्थ असलेल्या, पत्त्यावर येण्याची वाट पाहतात. साधन कंटेनरमध्ये आणि ब्राउझर विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर असेल, तर ते उत्तर लॅपटॉपलाच मिळते आणि टर्मिनल ताटकळत राहते.

यावरचा तोडगा स्मार्ट टीव्ही आणि प्रिंटरसारख्या उपकरणांसाठी लिहिलेल्या आरएफसी ८६२८ या इंटरनेट मानकामध्ये, ऑगस्ट २०१९ मध्ये, मिळाला. टर्मिनलवर मधोमध आडवी रेघ असलेला आठ अक्षरांचा संकेत उमटतो. विद्यार्थी आपल्या ब्राउझरमध्ये तो टाकून संमती देतो. तोवर साधन दर काही सेकंदांनी सर्व्हरकडे विचारणा करत राहते आणि संमती मिळताच टोकन उचलते. पासवर्ड कंटेनरला शिवतही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये १.० आवृत्तीला पोहोचलेल्या गिटहब सीएलआयच्या लॉगिनमध्ये हाच मार्ग आहे.

तरीही आलेले टोकन कुठेतरी ठेवावेच लागते. कंटेनरमध्ये सहसा गुपिते सुरक्षित ठेवणारी सिस्टीमची किल्लीपेटी नसते, म्हणून ते होम डिरेक्टरीतील (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील) साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिले जाते. आणि हबवर पुसली न जाणारी जागा नेमकी होम डिरेक्टरीच असते. शिवाय नेहमीच्या लॉगिनने मिळणारे टोकन त्या व्यक्तीच्या सर्व खाजगी रिपॉझिटरींपर्यंत (कोडच्या साठ्यांपर्यंत) पोहोचते, आणि हबचे प्रशासक ते वाचू शकतात. म्हणून काही हबांनी गिटहब अ‍ॅपचा, म्हणजे मोजक्याच परवानग्या मागणाऱ्या अ‍ॅपचा, मार्ग धरला: विद्यार्थी निवडेल त्याच रिपॉझिटरींपुरते आणि आठ तासांनी बाद होणारे टोकन. अशा मांडणीत इमेजमध्ये फक्त साधन असते, आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू करताना विद्यार्थी नवा संकेत घेतो.