ख्रिस्ताचे याजकपद आणि राजपद

येशू ख्रिस्त एकाच वेळी याजक आणि राजा आहे, ही ख्रिस्ती श्रद्धेची एक मूळ धारणा आहे. बेळगावच्या सीमाभागात मराठी, कोकणी आणि कन्नड बोलणाऱ्या कॅथलिक व प्रॉटेस्टंट मंडळ्या तिचे मनन करतात.

बायबलच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात, ही दोन पदे वेगळी होती. याजक म्हणजे लोकांच्या वतीने देवाला अर्पण करणारा. याजकपण लेवी वंशातील अहरोनाच्या घराण्यात, तर राजपद यहूदा वंशातील दाविदाच्या घराण्यात. सीमाभागातल्या गावगाड्यातही पाटीलकी एका घराण्याची आणि देवळाची पूजा गुरवाची असे. एकाच्या हक्कात दुसऱ्याने हात घालायचा नाही. त्यामुळे जुन्या करारातल्या, यहूदाच्या उज्जीया राजाची गोष्ट इथल्या वाचकाला पटकन उमगते. सामर्थ्याने उन्मत्त होऊन तो स्वतःच धूप जाळायला मंदिरात शिरला. ऐंशी याजकांना घेऊन मुख्य याजक अजऱ्या आडवा आला. राजा संतापला, आणि धुपाटणे हातात असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला.

मग यहूदा वंशातला येशू याजक कसा? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय याचे उत्तर देतो, आणि या विषयाचा गाभा तिथेच आहे. शालेमचा राजा मलकीसदेक हा परात्पर देवाचा याजकही होता. लढाईहून परतणाऱ्या अब्राहामाला त्याने भाकर व द्राक्षारस दिला, आशीर्वाद दिला. अब्राहामाने त्याला दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, दिला. त्याचे आईबाप, वंशावळ, जन्म, मरण यांबद्दल शास्त्र (बायबल) अवाक्षर काढत नाही, म्हणून पत्र त्याला कायमचा याजक मानते. स्तोत्र 110 दाविदाच्या गादीवरील राजाला याच मलकीसदेकाच्या परंपरेतला सर्वकाळचा याजक म्हणते. पत्रलेखक पुढे म्हणतो की अब्राहामाचा वंशज लेवी तेव्हा जन्मलाही नव्हता, तो पूर्वजाच्या देहातच होता, म्हणजे अब्राहामाच्या हातून त्यानेही दशमांश दिलाच. शास्त्राच्या मौनावर एवढा भार टाकणे धाडसाचे आहे, पण त्यामुळे याजकपण वंशाच्या कुंपणाबाहेर येते.

इतर याजक पशूंचे अर्पण करीत, येशूने स्वतःलाच अर्पण केले. ज्या क्रुसावर हे घडले, त्यावरच ‘यहूद्यांचा राजा’ ही पाटी इब्री, लॅटिन आणि ग्रीक भाषांत लावलेली होती. याजक आणि राजा यांची खरी भेट इथे होते. हे सुटले तर ख्रिस्ताचे राजेपण नुसत्या सत्तेची भाषा बनते.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटी या प्रॉटेस्टंट संस्थेचे काम 1820 मध्ये सुरू झाले आणि पुढे ते मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाकडे आले. कॅथलिक धर्मप्रांत 1953 चा. अकराव्या पायस पोपनी 1925 मध्ये सुरू केलेला ख्रिस्तराजाचा सण आता आगमनकाळाआधीच्या (नाताळच्या तयारीच्या काळाआधीच्या) रविवारी येतो. कॅथलिक बाप्तिस्म्यात पाण्याच्या विधीनंतर धर्मगुरू बाळाच्या टाळूवर पवित्र तेल लावून, ख्रिस्ताला याजक, संदेष्टा व राजा म्हणून अभिषेक झाला, याचे स्मरण करतात. पेत्राचे पहिले पत्र सर्वच विश्वासणाऱ्यांना ‘राजकीय याजकगण’, म्हणजे राजेशाही याजकांचा समूह, म्हणते. कॅथलिक परंपरा हे याजकपण मान्य करून दीक्षित धर्मगुरूंचे पद त्याहून वेगळे ठेवते. प्रॉटेस्टंट मात्र या वचनाच्या आधारे सांगतात, की ख्रिस्तावाचून दुसरा मध्यस्थ नको, कोणीही विश्वासणारा थेट देवापुढे जाऊन शेजाऱ्यासाठी विनवणी करू शकतो.