डोंगरभटकंतीतील जीपीएस यंत्र

डोंगरभटकंतीतील जीपीएस यंत्र : उपग्रहांचे रेडिओ संदेश पकडून वापरणाऱ्याचे अक्षांश, रेखांश व उंची दाखवणारे, मुठीत मावणारे उपकरण. गिर्यारोहक, वन कर्मचारी, भूशास्त्रज्ञ आणि बचाव पथके ते वापरतात. चाललेली वाट ते नोंदवून ठेवते, पाऊस व आदळआपट सोसते आणि मोबाइलचे नेटवर्क नसले तरी काम करते. या नोंदीत त्याचा विचार मुख्यतः सह्याद्रीच्या संदर्भात केला आहे. उभे कडे, धुके आणि ढोरवाटांचे जाळे यांमुळे यंत्राचे गुण आणि दोष इथे चटकन उघडे पडतात.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या जीपीएस (ग्लोबल पोझिशनिंग सिस्टिम) या प्रणालीचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू झाली. सामान्य ग्राहकाला विकत मिळणारे पहिले हातयंत्र, मॅगेलन कंपनीचे ‘नॅव्ह १०००’, १९८९ मध्ये बाजारात आले. नागरी वापरासाठीच्या संदेशात अमेरिका त्या काळी मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे दाखवलेले स्थान शंभर मीटरपर्यंत हुकायचे. एवढी चूक भर समुद्रात खपून जाते. अरुंद सोंडेवर मात्र ती माणसाला शेजारच्या घळीत असल्याचे दाखवते. मे २००० मध्ये हा प्रकार बंद झाला आणि डोंगरवाटांसाठी यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी ठरू लागले.

कार्यपद्धती : जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी. उंचीवरून फिरतात. प्रत्येकात आण्विक घड्याळ असते आणि प्रत्येक जण आपले स्थान व वेळ सतत सांगत असतो. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळावरून यंत्र त्या उपग्रहापर्यंतचे अंतर काढते. अक्षांश, रेखांश, उंची आणि यंत्राच्या स्वतःच्या साध्या घड्याळातली चूक, अशा चार अज्ञात गोष्टी सोडवायच्या असल्याने किमान चार उपग्रह ‘दिसावे’ लागतात. यंत्र यात फक्त ऐकते, स्वतः काहीही प्रक्षेपित करत नाही. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू या प्रणालींचे उपग्रहही आजची यंत्रे जोडीला घेतात. भारताच्या ‘नाविक’ (NavIC) या उपग्रह प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविकचे संदेश जीपीएसच्याच एल-१ या रेडिओलहरींच्या पट्ट्यातही मिळू लागले. लहान उपकरणांच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट आहे.

मोकळ्या पठारावर चांगल्या यंत्राची चूक पाच मीटरच्या आत राहते. दाट झाडीत ती वाढते आणि नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीत, शिरल्यावर कितीही होऊ शकते. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट किंवा साम्रदजवळची सांदण दरी यांसारख्या ठिकाणी आकाशाची चिंचोळी पट्टी तेवढी उरते. थेट संदेश अडतात आणि कातळावर आपटून आलेले संदेश उशिरा पोहोचतात. यंत्राला ते अंतर जास्त वाटते आणि पडद्यावरचा बाण भिंतीच्या आत किंवा पलीकडच्या सोंडेवर उडी मारतो. एल-१ च्या बरोबरीने एल-५ पट्टाही ऐकणारी यंत्रे हे प्रतिध्वनी बरेचसे वेगळे काढू शकतात, पण जो उपग्रह कड्याआड दडला आहे तो कोणत्याही यंत्राला दिसत नाही. अशा जागी नाळेच्या तोंडाशी, आकाश उघडे असताना घेतलेली नोंदच विश्वासाची. आत शिरल्यावर वाट डोळ्यांनी शोधावी.

उंची : यंत्राचा सर्वांत कच्चा आकडा हाच. उपग्रह सगळे डोक्यावरच्या बाजूला असतात, पायाखाली एकही नसतो, त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी राहते. भारतात त्यात आणखी एक गोम आहे. जीपीएस मूळ उंची मोजते ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही. आणि हिंदी महासागराच्या या भागात गुरुत्वाकर्षणाने ठरणारी समुद्रसपाटी त्या गणिती पृष्ठाच्या खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा फरक शंभर मीटरहून अधिक होतो, महाराष्ट्रात साधारण साठ-सत्तर मीटर. हातयंत्रात दुरुस्तीचा तक्ता भरलेला असतो. मोबाइलवरची काही ॲप्स मात्र कच्चा आकडाच दाखवतात आणि १,६४६ मी. उंचीच्या कळसूबाईवर उभा असलेला माणूस १,५८० च्या आसपासचा आकडा पाहून बुचकळ्यात पडतो.

म्हणून बऱ्याच यंत्रांत हवेच्या दाबावरून उंची काढणारा उंचीमापकही असतो. आपल्या डोंगरांच्या उंचीवर साधारण आठ-नऊ मीटर चढल्यावर दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, त्यामुळे लहानसा चढही त्याला कळतो. त्याची अडचण अशी, की हवामान बदलले तरी दाब बदलतो. जागेवर बसून राहिलेल्या तंबूची उंची रात्रीतून काही मीटरने ‘वाढली’, तर दाब उतरतो आहे असे समजावे. माहीत असलेल्या उंचीवर, म्हणजे पायथ्याच्या गावात किंवा खिंडीत, त्याची उंची जुळवून घेणे ही चांगली सवय आहे.

नकाशे : जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या आधारपृष्ठावर, म्हणजे पृथ्वीच्या एका ठरावीक गणिती आकारावर, चालते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुनी १:५०,००० ची नकाशापत्रके मात्र एव्हरेस्ट गोलाभ या वेगळ्या गणिती आकारावर बेतलेली आहेत. त्यावरून काढलेले अंक बदल न करता यंत्रात भरले, तर बिंदू कित्येक मीटरने सरकतो आणि कडेलोटाच्या धारेवर तेवढे पुरते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेली खुली पत्रके डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत.

समोच्च रेषांच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या, बाबतीत अधिक सावध राहावे लागते. सर्वेक्षण पत्रकावर या रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने असतात, म्हणजे दोरावाचून न उतरता येणारा पंधरा मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मधे अलगद लपतो. यंत्रात घालण्याचे बहुतेक फुकट नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशाच्या वाटा आणि २००० साली अवकाशयानातून रडारने घेतलेल्या उंचीच्या आकड्यांवर उभे आहेत. ते आकडे साधारण तीस मीटरच्या चौकटींचे. तेवढ्या चौकटीत बसाल्टचा सरळसोट कडा तीव्र उतार होऊन जातो. पडद्यावर ‘जरा चढ आहे’ असे वाटणारी जागा प्रत्यक्षात कडा निघते ती यामुळे.

निवड : दुकानात पडदा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, पण डोंगरात त्याचे महत्त्व त्या मानाने कमी. पावसाळ्यात ओल्या बोटांनी स्पर्शपडदा नीट चालत नाही आणि थेंब पडले की तो आपोआप नकाशा सरकवू लागतो. बटणांचे यंत्र दिसायला जुनाट असले तरी सह्याद्रीसाठी तेच बरे. दुसरी पाहण्याची गोष्ट विजेची. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्राचे सेल पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्ससारखे साधे यंत्र दोन सेलवर कंपनीच्या सांगण्यानुसार पंचवीस तासांपर्यंत चालते. हिमालयात थंडीने अल्कलाइन सेल लवकर बसतात, तिथे लिथियमचे न्यावेत. अँटेनाही पाहावा : बाहेर आलेल्या बोंडाचा सर्पिल अँटेना यंत्र उभे धरल्यावर उत्तम ऐकतो, आत दडलेल्या चपट्या अँटेनाचे यंत्र आकाशाकडे तोंड करून आडवे धरावे लागते. आयपीएक्स-७ दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणे. त्याहून कमी दर्जाचे यंत्र आषाढात नेऊ नये. त्रिअक्षीय होकायंत्र असेल तर थोडे जास्त पैसे देणे योग्य, कारण नुसते जीपीएस दिशा ओळखते ती चालत असताना. धुक्यात थबकलेल्या माणसाला नेमकी उभ्या उभ्या दिशा हवी असते. आधीच भरलेल्या नकाशांसाठी मात्र जादा किंमत मोजण्यात अर्थ नाही, त्यांत आपल्या घाटवाटा क्वचितच असतात.

मोबाइल पुरत नाही का, हा प्रश्न नेहमी येतो. राजगड-तोरण्यासारख्या मळलेल्या वाटेवर पुरतो. एअरप्लेन मोडवर टाकून, नकाशा घरूनच उतरवून घेतला तर त्याची बॅटरीही दिवसभर निघते. पण संकटात बोलण्याचे साधन तेच आणि वाट दाखवण्याचेही तेच असले, तर दोन्ही एकदम संपतात.

वापर : निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत यंत्र काही मिनिटे ठेवून द्यावे. फार दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांची पूर्ण यादी मिळायला साडेबारा मिनिटे लागू शकतात. मग वाट नोंदवणे चालू करावे आणि गाव, पाण्याचे टाके, पदरावर (डोंगराच्या मधल्या सपाटीवर) चढल्याची जागा, खिंड, फाटे यांच्या खुणा करत जावे. फाट्याची खूण सर्वांत मोलाची. चढताना चार वाटा एकीला येऊन मिळतात आणि उतरताना त्याच वाटा चार होऊन फुटतात. चढताना फाटा जाणवतसुद्धा नाही.

‘इथे जा’ म्हणून बिंदू निवडला की यंत्र सरळ रेषेत दिशा दाखवते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या माथ्यावरून बेलपाड्याची दिशा अचूक दाखवली जाईल आणि ती रेषा थेट हवेतून जाईल. सह्याद्रीतल्या बहुतेक जीपीएस-गोंधळांचे मूळ इथे आहे : नकाशावर वाटेपासून अवघे पन्नास मीटर दूर असलेला माणूस तिच्या शंभर मीटर वर, कड्याच्या चुकीच्या अंगाला असू शकतो. त्यामुळे अंतराचा आकडा वाचताना उंचीचा आकडाही वाचायचा. दुसऱ्याने नोंदवलेल्या वाटेची फाइल (जीपीएक्स) घेतली, तर ती कोणत्या महिन्यातली आहे ते विचारावे. जानेवारीतली कोरडी नाळ जुलैत धबधबा असते. वाटाड्या सोबत असेल तर फाइलपेक्षा त्याचे ऐकावे.

होकायंत्राच्या बाबतीत आपण सुदैवी : चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत महाराष्ट्रात एक अंशाइतकाही फरक नाही, दुरुस्ती करत बसावे लागत नाही. लोहयुक्त कातळाजवळ मात्र सुई क्वचित भरकटते.

बचाव पथकाला आपले स्थान कळवताना अंकांची पद्धत स्पष्ट सांगावी. १९.५० अंश म्हणजे १९ अंश ३० मिनिटे; ते १९ अंश ५० मिनिटे असे वाचले गेले, तर वीस मिनिटांचा फरक पडतो आणि अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १.८५ किमी. असते. पथक ३७ किमी. दूर शोधत राहील. दशांश अंशांत, पाच दशांश स्थळांपर्यंत, एसएमएसने पाठवणे उत्तम. एसएमएस अशक्त नेटवर्कवरही निघून जातो.

कायदा आणि जुनी यंत्रे : उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी, संकटाचे बटण असलेली यंत्रे परदेशात सर्रास वापरली जातात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगणे बेकायदा आहे. गोव्यासह इतर विमानतळांवर परदेशी प्रवासी अशा यंत्रामुळे अडकले आहेत. अमेरिकेतून किंवा युरोपातून सुट्टीला येणाऱ्या मराठी भटक्यांनी ते तिकडेच ठेवून यावे. नुसते ऐकणाऱ्या जीपीएस यंत्राला हे बंधन लागू नाही. जुनी जीपीएस यंत्रेही स्वस्तात मिळतात, पण घेण्यापूर्वी तारीख तपासावी. जीपीएस आठवडे १,०२४ पर्यंतच मोजते आणि पुन्हा शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झाले, पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ ची. सॉफ्टवेअर न बदललेली काही जुनी यंत्रे त्यामुळे साडेएकोणीस वर्षे मागची तारीख दाखवतात. स्थान बहुधा बरोबर येते, पण सूर्यास्ताची वेळ आणि नोंदलेल्या वाटांच्या तारखा भरवशाच्या राहत नाहीत.