चेक इंजिन लाईट

चेक इंजिन लाईट म्हणजे गाडीच्या मीटरमध्ये लागणारं इंजिनाच्या आकाराचं पिवळं-नारिंगी चिन्ह, बऱ्याच जणांना ते नळासारखं दिसतं. नावात इंजिन असलं तरी ही भानगड मुळात प्रदूषणासाठी आणलेली आहे. ज्याने धूर ठरलेल्या मर्यादेबाहेर जाईल असं काही ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला दिसलं की लाईट लागते, त्यामुळे गाडी मस्त पळत असतानाही ती लागलेली असू शकते. ऑइल प्रेशर गेलं किंवा इंजिन तापलं तर त्याचे इशारे वेगळे आणि लाल, तो लागला तर मात्र गाडी लगेच बाजूला घेऊन बंद करायची.

याची सक्ती सुरू झाली कॅलिफोर्नियात, १९८८ च्या मॉडेलपासून. मग १९९६ पासून अख्ख्या अमेरिकेत ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःच्या बिघाडांवर नजर ठेवायच्या व्यवस्थेची दुसरी आवृत्ती, सक्तीचं झालं आणि सगळ्या कंपन्यांना एकच १६ पिनचं सॉकेट आणि बिघाडाचे एकसारखे कोड आले. भारतात बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांसोबत २०१० ला पहिला टप्पा आला आणि २०१३ पासून ओबीडी-२. २०२० च्या बीएस-६ नंतर बाईक-स्कूटरलाही ही लाईट सक्तीची झाली, तेव्हा आता ही फक्त कारवाल्यांची डोकेदुखी राहिली नाही.

लाईट सलग लागून असेल तर घाबरायचं कारण नाही, गाडी नीट चालत असेल तर सावकाश चालवत दोन-चार दिवसांत दाखवून आणा. ब्लिंक होत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा इंजिन जोरात मिस मारत असतं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले महागडे धातू असतात, म्हणजे काहीशे रुपयांच्या स्पार्क प्लगचा कंटाळा केला की बिल थेट हजारांत.

आता खर्चाचं. लोक "स्कॅन केलं" म्हणजे "निदान झालं" असं धरून चालतात आणि सगळा घोळ इथेच होतो. स्कॅनर लावून कोड वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि कोड फक्त कुठे दुखतंय ते सांगतो, काय झालंय ते नाही. पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर मिस मारतोय एवढंच, मग तो प्लगमुळे, प्लगला करंट देणाऱ्या कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की कॉम्प्रेशन गेल्यामुळे हे माणसानेच शोधायचं. चांगला फिटर एकचा कॉइल दोनला लावून बघतो, कोड पी०३०२ झाला की कॉइलच चोर, यात पार्टचा खर्च शून्य. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, तो कधी तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपमुळे येतो तर कधी बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचं ट्यूनिंग चुकल्यामुळे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला की थेट सेन्सर बदलायला सांगणारे बरेच भेटतात, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला आलेल्या उंदराने वायर कुरतडलीय हे नवीन सेन्सर बसवल्यावरही लाईट लागते तेव्हा कळतं. म्हणून शोधायच्या कामाचं लेबर मागितलं तर कटकट करू नका, तेच खरं काम आहे. हुज्जत घालायचीच तर "कोड लिहून द्या, हाच पार्ट गेलाय हे कशावरून ठरवलं ते सांगा आणि जुना पार्ट परत द्या" यावर घाला.

ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर कोड दिसतो, गॅरेजला जाण्याआधी एवढं माहीत असलं तरी बोलण्याचा सूर बदलतो. अमेरिकेतले आपले नातेवाईक मात्र "आधी पेट्रोलचं झाकण घट्ट लाव" म्हणतील, तिकडे टाकीतल्या वाफेची गळतीही गाडी स्वतः तपासते, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती तपासणीच नसते.

डिझेलवाल्यांचं दुखणं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साचलेली काजळी जाळायला सलग हायवेची रनिंग लागते आणि ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये ती कधी होतच नाही. आधी डीपीएफची वेगळी लाईट येते, तेव्हा मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे गाडी हायवेला नेली तर बऱ्याचदा फुकटात काम होतं, दुर्लक्ष केलं तर पॉवर कमी होऊन वर्कशॉपचीच वाट.

बॅटरीची वायर काढून लाईट घालवायचा उपाय गल्लोगल्ली सांगतात. लाईट जाते पण त्याबरोबर बऱ्याच गाड्यांत कोड आणि बिघाडाच्या क्षणाची साठवलेली माहितीही जाते, म्हणजे आपणच पुरावा पुसून फिटरकडे जायचं आणि बिघाड परत आला की लाईट परत. नुसतं पीयूसी पास झालं म्हणूनही निश्चिंत राहू नका, आपली नेहमीची पीयूसी चाचणी सायलेन्सरचा धूर मोजते, कोड वाचत नाही. कॅलिफोर्नियात मात्र २००० आणि नंतरच्या बहुतेक गाड्यांचं ओबीडीही वाचतात आणि लाईट लागलेली असली की गाडी नापास.

जुनी गाडी घेताना चावी ऑन करून इंजिन चालू न करता मीटर बघा. ही लाईट लागायला हवी आणि इंजिन चालू झाल्यावर विझायला हवी. लागलीच नाही तर कोणीतरी ती बंद करून ठेवलीय असं समजा. लागून विझली तरी स्कॅनर लावा, आतल्या तपासण्या 'अपूर्ण' दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात, अशा वेळी मालकाला दोन-तीन दिवस गाडी चालवायला सांगा आणि परत स्कॅन करा.