मिसलटो

मिसलटो : यूरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, नाताळात दारावर किंवा छताला टांगली जाणारी बांडगुळाच्या गटातील सदाहरित वनस्पती. तिच्याखाली चुंबन घेण्याचीही प्रथा आहे. शास्त्रीय नाव व्हिस्कम आल्बम. लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिलेले हे नाव आजही रूढ आहे. पूर्वी तिचा समावेश लोरँथेसी कुलात होई, पुढे व्हिस्केसी असे वेगळे कूळ मानले गेले. अलीकडच्या वर्गीकरणात ती सँटॅलेसी म्हणजे चंदनाच्या कुलात मोडते. चंदनही दुसऱ्या झाडांच्या मुळांतून पोषण घेते, हे लक्षात घेतले म्हणजे हे नाते फारसे अनपेक्षित वाटत नाही.

मिसलटो अर्धपरजीवी आहे. हिरव्या पानांमुळे ती आपले अन्न स्वतः तयार करते. पाणी व खनिजे मात्र यजमान झाडाच्या फांदीत शिरलेल्या शोषक मुळांवाटे घेते. झुडूप चेंडूसारखे गोल वाढते आणि यजमानाची पानगळ झाल्यावर उघड्या फांद्यांत दुरूनही उठून दिसते. नर व मादी फुले वेगवेगळ्या झुडपांवर येतात. पांढरी, मोत्यासारखी फळे ऐन हिवाळ्यात पिकतात. त्यांच्यातील चिकट मगजामुळे बी फांदीला घट्ट चिकटते. बीजप्रसार पक्ष्यांमार्फत होतो. मिसल थ्रश हा कस्तूर पक्षी फळे गिळतो व बिया विष्ठेतून टाकतो, तर ब्लॅककॅप हा वटवट्यासारखा लहान पक्षी चोचीला चिकटलेले बी फांदीवर घासून काढतो. याच फळांपासून पक्षी धरण्याचा लासा करीत. त्यावरून ‘कस्तूर आपले मरण आपणच विष्ठेतून टाकतो’ अशा अर्थाची लॅटिन म्हण पडली. लॅटिनमध्ये ‘व्हिस्कम’ हा शब्द वनस्पती व लासा या दोहोंसाठी वापरीत.

इंग्रजी नावाचे जुने रूप ‘मिसलटान’ असे होते. त्यातील ‘टान’ म्हणजे डहाळी, याविषयी एकमत आहे. ‘मिसल’ची व्युत्पत्ती मात्र वादग्रस्त असून काही जण ती विष्ठावाचक जर्मानिक शब्दाशी जोडतात, तर काही चिकटपणाच्या अर्थाशी.

सफरचंद, लिंडन, पॉप्लर, हॉथॉर्न ही मिसलटोची नेहमीची यजमान झाडे होत. ओकवर ती क्वचितच आढळते, आणि नाताळातील तिची प्रथा ख्रिस्तपूर्व धर्मातून आली काय, ही पुढील सर्व चर्चा या दुर्मिळ ओकवरील मिसलटोपासूनच सुरू होते.

मिसलटोला ख्रिस्तपूर्व धर्माची वनस्पती मानण्याचा मुख्य आधार म्हणजे रोमन लेखक थोरला प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) याच्या निसर्गेतिहासाच्या सोळाव्या खंडातील एक उतारा. त्यानुसार गॉलमधील (आजच्या फ्रान्सच्या परिसरातील) ड्रूइड पुरोहित ओकवर उगवलेल्या मिसलटोइतके पवित्र काहीच मानीत नसत व तिला ‘सर्व व्याधी बऱ्या करणारी’ म्हणत. चंद्राच्या सहाव्या दिवशी, म्हणजे आपल्या शुद्ध षष्ठीच्या सुमारास, शुभ्र वस्त्रातील पुरोहित झाडावर चढे व सोन्याच्या विळ्याने ती कापी. खालचे लोक ती पांढऱ्या वस्त्रात झेलीत. नंतर, ज्यांची शिंगे प्रथमच बांधली गेली आहेत अशा दोन पांढऱ्या बैलांचा बळी दिला जाई. मिसलटोचे पेय वांझ जनावरांना फलदायी व सर्व विषांवर उतारा मानले जाई.

हे वर्णन इतके चित्रमय आहे की नंतरच्या लेखकांनी ते जसेच्या तसे उचलले. त्यात काय नाही हे मात्र फार थोड्यांनी पाहिले. पहिली गोष्ट, ते गॉलचे आहे, ब्रिटनचे नव्हे. दुसरी, त्यात ऋतूचा उल्लेख नाही. चंद्राचा सहावा दिवस दर महिन्याला येतो, आणि प्लिनीच्याच म्हणण्याप्रमाणे ड्रूइड आपले महिने, वर्षे व तीस वर्षांचे चक्र त्याच दिवसापासून मोजीत. दक्षिणायनाच्या अखेरीशी, म्हणजे हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाशी, या विधीचा संबंध प्लिनी सांगत नाही; तो पुढे गृहीत धरला गेला. तिसरी, घरात डहाळी टांगण्याचा किंवा चुंबनाचा त्यात मागमूसही नाही. शिवाय प्लिनी हा मुख्यतः संकलक होता. ड्रूइडांविषयी त्याच्यापूर्वी लिहिणाऱ्या सीझरच्या वर्णनात मिसलटो नाही. सोने मऊ धातू असल्याने त्याचा विळा चिवट डहाळी कापू शकेल काय, अशीही शंका घेतली जाते. मुलामा दिलेला काशाचा विळा असावा, असा तोडगा काहींनी सुचविला आहे. तरीही अशी काही प्रथा गॉलमध्ये असावी, हे नाकारण्याचे कारण नाही. तिचा नाताळशी सांधा जोडणारा पुरावा तेवढा नाही.

पुरातत्त्वाचा आधारही तोकडा आहे. इंग्लंडमधील चेशर परगण्यात लिंडो येथील दलदलीत १९८४ मध्ये सापडलेल्या प्राचीन मानवी शवाच्या आतड्यात मिसलटोचे चार परागकण आढळले. हा ड्रूइडांनी दिलेला बळी असावा, असा तर्क त्यावरून मांडला गेला. परंतु चार कण अन्नपाण्यातून सहज गेलेले असू शकतात, आणि शवाच्या काळाबद्दलही अभ्यासकांत मतभेद झाले आहेत.

दुसरा धागा नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या, पुराणकथेचा आहे. स्नॉरी स्टर्लुसन याने सु. १२२० मध्ये आइसलँडमध्ये सिद्ध केलेल्या गद्य ‘एडा’त ही कथा सविस्तर येते. बाल्डर या देवाला इजा न करण्याची शपथ त्याची आई फ्रिग सर्व वस्तूंकडून घेते. मिसलटो कोवळी म्हणून तिला वगळते. कपटी लोकी तेच हेरून आंधळ्या होडच्या हाती तिची काडी देतो आणि बाल्डर मरतो. जुन्या ‘व्होलुस्पा’ या काव्यातही मिसलटोचा उल्लेख आहे. डॅनिश इतिहासकार सॅक्सो ग्रमॅटिकस याच्या कथेत मात्र तिच्या जागी तलवार येते. आइसलँडमध्ये ही वनस्पती उगवत नाही. त्यामुळे कथाकाराला ती ऐकूनच ठाऊक असावी. फ्रिगचे अश्रू म्हणजे मिसलटोची फळे, आणि तिने आनंदाने मिसलटोखाली येणाऱ्या प्रत्येकाचे चुंबन घेतले, हा आज सर्वत्र सांगितला जाणारा शेवट या मध्ययुगीन साधनांत नाही.

या दोन धाग्यांची गाठ प्रामुख्याने मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी मारली. त्यांच्या ‘द गोल्डन बाउ’ (पहिली आवृत्ती १८९०) या ग्रंथाचे शीर्षकच रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातील सोनेरी फांदीवरून आले आहे. व्हर्जिलने त्या फांदीला मिसलटोची उपमा दिली आहे. फ्रेझर यांनी ती मिसलटोच मानली आणि पानगळीच्या दिवसांत ओकचा प्राण तिच्यात वास करतो, अशी उपपत्ती मांडली. वाळलेली मिसलटो पिवळसर सोनेरी पडते, हे खरे. पण उपमेला ओळख समजणे हा तर्कदोष आहे, आणि आजचे मानवशास्त्रज्ञ ही उपपत्ती सहसा स्वीकारीत नाहीत.

हिवाळ्यात हिरव्या फांद्यांनी घर सजविण्याची सर्वसाधारण चाल मात्र निःसंशय जुनी आहे. रोमन लोक जानेवारीच्या नववर्षाला लॉरेलच्या फांद्या लावीत. दारांवर दिवे व लॉरेल लावणाऱ्या ख्रिस्ती लोकांना टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास खडसावले होते. पोप पहिला ग्रेगरी याने ६०१ मध्ये इंग्लंडमधील मिशनऱ्यांना पाठविलेल्या पत्रात, जुनी देवळे न पाडता त्यांची चर्च करावीत व लोकांना चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून सण करू द्यावा, असे सुचविले. हे पत्र बीड या इंग्लंडच्या जुन्या इतिहासकाराने जतन केले आहे. त्याचा नाताळशी थेट संबंध नाही, तरी जुन्या प्रथा सामावून घेण्याचे धोरण त्यातून स्पष्ट होते. जॉन स्टो या लंडनच्या इतिहासकाराने १५९८ मध्ये होली, आयव्ही व लॉरेल या सदाहरित वनस्पतींनी सजविलेली घरे व चर्च वर्णिली आहेत. मिसलटो त्याच्या यादीत नाही.

नाताळच्या सजावटीत मिसलटो निश्चितपणे दिसू लागते ती १७व्या शतकात. रॉबर्ट हेरिक याच्या १६४८ मधील कवितेत २ फेब्रुवारीच्या सणाआधी ती उतरविण्याचा उल्लेख आहे. पुढे एक मजेदार वाद झाला. इंग्रज कवी जॉन गे याने १७१६ मध्ये चर्चमधील ‘पवित्र मिसलटो’ वर्णिली. लोकप्रथांचे संग्राहक जॉन ब्रँड (१७४४–१८०६) यांना ते पटले नाही. ही ड्रूइडांची, म्हणून मूर्तिपूजकांची वनस्पती; ती चर्चमध्ये शिरली तर सेवकांच्या अज्ञानानेच, असे त्यांनी लिहिले. म्हणजे ड्रूइड-मूळ आधी मानले गेले आणि त्यावरून तिला चर्चमध्ये स्थान नसण्याचे कारण शोधले गेले. विल्यम स्टकली हे ड्रूइडप्रेमी पुराणवस्तुसंशोधक तर याच्या उलट, यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला ती मुख्य वेदीवर नेऊन सार्वत्रिक क्षमा जाहीर करीत, असे सांगतात.

चुंबनाची प्रथा त्याहून अलीकडची. तिचे उल्लेख १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतात. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग यांच्या १८२० च्या सुमाराच्या टिपणानुसार तरुणाने प्रत्येक चुंबनामागे एक फळ तोडावयाचे, व फळे संपली की हक्कही संपला. इंग्रज कादंबरीकार डिकन्सच्या लेखनाने ती मध्यमवर्गात रुळली. पांढऱ्या फळांचा प्रजननाशी जोडला जाणारा प्रतीकार्थ यामागे असावा, असे काही जण मानतात. परंतु नोकरवर्गाच्या स्वयंपाकघरातील थट्टामस्करीतून ती वर आली असणे अधिक संभवते. फ्रान्समध्ये मिसलटो नाताळपेक्षा नववर्षाशी जोडलेली आहे.

महाराष्ट्रात आंबा, चिकू इत्यादींवर वाढणारे नेहमीचे बांडगूळ म्हणजे डेंड्रोफ्थी फाल्काटा. ते मिसलटोचे दूरचे नातलग असून त्याची नारिंगी-तांबडी फुले नळीसारखी असतात. व्हिस्कम वंशाच्या काही जाती सह्याद्रीत, तर खुद्द व्हिस्कम आल्बम हिमालयात आढळते. ऐतखाऊ माणसाला मराठीत बांडगूळ म्हणतात; यूरोपने त्याच वृत्तीच्या झुडपाचे तोरण केले. गोव्याच्या नाताळात गोठा व कागदी नक्षत्रे असतात, मिसलटो नसते.

इंग्लंडमध्ये हेरफर्डशर, वुस्टरशर व ग्लॉस्टरशर या परगण्यांतील सफरचंदांच्या बागांत ती विपुल आहे. टेनबरी वेल्स येथे नाताळपूर्वी तिचे लिलाव होतात. मागणी मुख्यतः फळांनी लगडलेल्या मादी झुडपांना असते. बिनफळांची नर झुडपे झाडावर तशीच राहतात.