कारागृहातील बंद्यांसाठी मानसिक उपचार: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

कारागृहातील मनोरुग्ण बंद्याच्या उपचाराची तरतूद मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 103 मध्ये असून हा अधिनियम 29 मे 2018 पासून लागू आहे. बंदी कच्चा कैदी आहे की शिक्षा भोगणारा, यावर उपचाराचा हक्क अवलंबून नाही. विचार, मनःस्थिती किंवा स्मरणशक्ती यांतील गंभीर बिघाडाबरोबरच दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक विकारही कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते.

नातेवाइकांनी कारागृह अधीक्षकांच्या नावे साध्या कागदावर लेखी अर्ज करावा आणि त्याची एक प्रत कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावी. अर्जात बंद्याचे नाव, बंदी क्रमांक, खटल्याचा क्रमांक आणि मुलाखतीच्या वेळी दिसलेली लक्षणे तारखेसह लिहावीत. ‘त्याचे डोके ठिकाणावर नाही’ अशा वाक्यापेक्षा ‘दोन आठवडे झोप नाही, औषधे बंद आहेत’ ही नोंद डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते. आधीचे उपचार झाले असल्यास औषधचिठ्ठ्या व रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड यांच्या छायाप्रती जोडाव्यात, मूळ कागद स्वतःजवळ ठेवावेत आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.

कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मनोविकार कक्ष असल्यास बंद्याला तेथे हलवणे कायद्याने पुरेसे ठरते. तो नसल्यास याच अधिनियमाखालील मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीने बाहेरच्या मानसिक आरोग्य आस्थापनेत, म्हणजे मनोरुग्णालयासारख्या उपचार केंद्रात, पाठवता येते.

उपचार मागितले म्हणजे माणूस कायमचा ‘वेडा’ ठरेल, या भीतीने अनेक जण अर्जच टाळतात. ही भीती अनाठायी आहे, कारण सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याखेरीज केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही, असे मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे कलम 3 स्पष्ट सांगते. आरोपी स्वतःचा बचाव करण्यास समर्थ आहे का, हा प्रश्न वेगळा असून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 आणि त्यापुढील कलमांनुसार न्यायालयात हाताळला जातो. त्यासाठी वकील लागतो. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

अर्ज करूनही हालचाल झाली नाही, तर बंदी स्वतः, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा त्याच्या संमतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम 77 खाली पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागू शकतो. प्रतिनिधीची नेमणूक साध्या कागदावर बंद्याच्या सहीने वा अंगठ्याने होते, म्हणून प्रकृती बरी असतानाच ती करून घेणे शहाणपणाचे. मंडळाकडील अर्जाला शुल्क नाही आणि अशा तक्रारीचा निकाल 90 दिवसांत द्यायचा असतो. कारागृहात मनोरुग्ण बंदी नाही, असे प्रमाणित करणारा अहवाल वैद्यकीय अधिकाऱ्याला दर तिमाहीला याच मंडळाकडे पाठवावा लागतो. त्यामुळे बंद्याच्या आजाराची माहिती आधीच दिली होती हे मंडळाला दिसावे म्हणून अधीक्षकांकडील पोच असलेली अर्जाची प्रत तक्रारीला न विसरता जोडावी.