‘स्निगर’: दाबलेल्या हसण्याची पार्श्वभूमी

इंग्रजी ‘स्निगर’चा अर्थ ‘दबक्या आवाजात हसणे’ असा सांगितला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कीर्तन चालू असताना दोन मैत्रिणींना हसू आवरेना आणि त्यांनी तोंडाला पदर लावला, तर ते स्निगर नव्हे. त्याला इंग्रजीत गिगल म्हणतील. स्निगरमध्ये कुणाची तरी टर असते. हसू दाबायचं, पण त्या माणसाला ऐकू जाईल इतपतच.

जुनं रूप ‘स्निकर’. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते लिखाणात दिसतं. ‘स्निगर’ हे त्याचंच थोडं नंतरचं रूप. आज ब्रिटनमध्ये स्निगर जास्त चालतं, अमेरिकेत स्निकर. आपल्या ‘खुदकन’, ‘फिस्सकन’सारखा हा आवाजावरून घडलेला शब्द. डच भाषेत ‘स्निकन’ म्हणजे हुंदके देणं, आणि या दोन शब्दांचं नातं असावं असं मानतात. मला ते पटतं, कारण दोन्हींत श्वास नाकाशी अडतो. १९३० साली आलेल्या स्निकर्स चॉकलेटचा मात्र हसण्याशी संबंध नाही. ते मार्स कुटुंबाच्या लाडक्या घोड्याचं नाव.

या हसण्याचं नेमकं वर्णन आपल्याकडे फार आधी झालं आहे. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. त्यातल्या उपहसितात नाकपुड्या फुगतात, नजर तिरकी होते, खांदे-मान आखडतात. वर्गातल्या मागच्या बाकाकडे वळून पाहिलं की हेच दिसतं.

खानदेशातून पुण्याकडे शिकायला गेलेल्या अनेकांना हा आवाज ओळखीचा आहे. घरी अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडून ‘मी येतो’ऐवजी ‘मी येस’ सहज निघतं. माझ्याही तोंडून पहिल्याच आठवड्यात निघालं, आणि मागून नाकातला तो आवाज आला. पुढचे कित्येक दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही. मोठ्यानं हसले असते तर भांडता तरी आलं असतं. मागे वळलो तेव्हा सगळे वहीत बघत होते.

गावाकडे असं कुणी दात काढले की गुरुजी शिकवणं थांबवून सरळ विचारायचे, ‘काबरं हासी राह्यना रे?’ मग त्या पोराला उभं राहून, सगळ्यांसमोर, कारण सांगावं लागायचं.